पागेतले प्रश्न : बाजारात न खपलेला ठेंगणा घोडा अन् त्याची जगभरची पैदास

माळेगावची यात्रा उठली की या सदराकडं पत्रांचा अन् व्हॉट्सॲप मेसेजचा पूर येतो, दरवर्षीचंच आहे ते. यंदा मात्र बहुतेकांनी एकाच घोड्याबद्दल विचारलंय. मागच्या अंकात जाता जाता आम्ही नॉर्दर्न डान्सरचं नाव घेतलं होतं, कॅनडातला रेसचा घोडा, उंचीला कमी म्हणून लहानपणी बाजारात कुणी घेतला नाही अन् पुढं त्याचंच रक्त जगातल्या बहुतेक रेसच्या घोड्यांत उतरलं, बस्स एवढंच लिहिलं होतं. तर हा अंक त्याच्याच नावावर. बेटिंगच्या टिप मागणारे मेसेज नेहमीप्रमाणं बाजूला ठेवलेत.

प्रश्न : रामराम डॉक्टरसाहेब. माळेगावात एक शिंगरू बघितलं, दोन वर्षाचं, रंगानं तेल्या कुमैत, पाय नितळ, चाल तर अशी की बघतच राहावं. पण उंची ५७ इंच भरली. आमचे मोठे भाऊ म्हणूलालेत की ६० च्या खालचं जनावर दारात बांधलं तर लोकं हसतील. वरून एक पाय सोडून तीन पाय पांढरे, म्हणून दलालानं पण तोंड वाकडं केलं. सौदा मोडला पण मन तिथंच अडकलंय. तुम्ही लिहिलेल्या त्या ठेंगण्या घोड्याची सगळी हकीकत सांगा, भावाला वाचून दाखवायचीय.
— एक वाचक, लोहा, जि. नांदेड

उत्तर : दादा, आधी भावाला आमचा रामराम सांगा अन् मग हे वाचून दाखवा, की नॉर्दर्न डान्सरचेही तीन पाय पांढरे होते अन् कपाळावरचा पट्टा वाकडा. आपल्याकडं असला घोडा बघितला की अर्धे लोक शकुन-अपशकुनातच अडकतात, भोवरे मोजत बसतात, अन् तोवर घोड्याचे गुडघे कसे आहेत ते बघायचं राहून जातं.

हकीकत अशी. कॅनडात ओशावा नावाच्या गावाजवळ विंडफील्ड्स फार्म, मालक ई. पी. टेलर, मोठा उद्योगपती. त्यांची नताल्मा नावाची घोडी रेसला पळत होती, १९६० मध्ये तिच्या गुडघ्याचं हाड टवकलं अन् पळणं थांबलं. घोड्या भरवायचा हंगाम जवळजवळ संपलेला, तरी टेलरनी ती घरच्याच निअर्कटिक घोड्याला दाखवली. घोडी ११ महिने गाभण राहते, त्यामुळं शिंगरू पडलं २७ मे १९६१ ला. रेसच्या जगात हे फार उशिराचं, कारण तिकडं सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं अन् मे अखेरीला जन्मलेलं दोघं कागदावर एकाच वयाचे, अन् पळायचं पण एकाच रांगेतून. तर हे शिंगरू आधीच पाच महिन्यांनी मागं, त्यात बुटकं अन् गोळीबंद. टेलर दरवर्षी आपल्या शिंगरांना किंमत ठरवून विक्रीला ठेवायचे, याची ठेवली २५,००० डॉलर. लोकं आली, बघून गेली, घेतलं कुणीच नाही. शेवटी मालकालाच ठेवून घ्यावं लागलं.

स्वभाव म्हणाल तर आग्या वेताळ. सांभाळायला इतका अवघड की ट्रेनर होरेशिओ लूरो म्हणाले याला खच्ची करून टाकू. टेलर नको म्हणाले. आता विचार करा, त्या दिवशी मालकानं मान हलवली असती तर अर्धी रेसची दुनिया जन्मालाच आली नसती. आमच्याकडं जरा अंगावर आला घोडा की लगेच खच्ची करायला घेऊन येणाऱ्यांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो (अर्थात दहातले नऊ घोडे खच्ची केलेलेच बरे असतात, हे पण खरं).

दोन वर्षाचा असताना खूर तडकला, त्यावर रबराचा पॅच बसवून पळवला. अन् मग आलं १९६४. केंटकी डर्बी, अमेरिकेतली तीन वर्षाच्या घोड्यांची सगळ्यात गाजलेली रेस, सव्वा मैल, म्हणजे आपल्या हिशेबानं दोन किलोमीटर. आधीच्या रेसमध्ये त्याच्यावर बसलेला बिल शूमेकर हा तेव्हाचा सगळ्यात नावाजलेला जॉकी, त्यानं ऐन डर्बीला हा सोडून हिल राईज नावाचा उंचापुरा देखणा घोडा निवडला. यात त्याची काही चूक पण नाही, दोघं शेजारी उभे केले असते तर तुमच्या भावानं पण तोच निवडला असता. नॉर्दर्न डान्सरवर बसला बिल हार्टॅक. २ मे १९६४. शेवटच्या पट्ट्यात हिल राईज मोठमोठ्या टापा टाकत अंगाला आला, अन् हा आपला आखूड पाय भराभर टाकत तसाच पुढं राहिला, मानेच्या अंतरानं जिंकला. वेळ बरोबर २ मिनिटं, डर्बीचा नवा रेकॉर्ड, जो मग १९७३ मध्ये सेक्रेटेरिएटनं मोडला. अन् जन्मतारीख बघा, त्या दिवशी हा घोडा खऱ्या वयानं पुरता तीन वर्षाचा पण झालेला नव्हता!

दोन आठवड्यांनी प्रीकनेस जिंकली. तिसरी बेलमाँट, दीड मैलाची, तिथं तिसरा आला, क्वाड्रँगल जिंकला, त्यामुळं ट्रिपल क्राऊन, म्हणजे एकाच वर्षी या तिन्ही रेस जिंकायचा मान, हुकला. मग घरी कॅनडात येऊन तिथली मोठी रेस क्वीन्स प्लेट मारली सात लेंथच्या वर फरकानं (एक लेंथ म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर), अन् त्यानंतर पुढच्या पायाची शीर सुजली, टेंडन गेला, पळणं बंद. एकूण १८ रेस, १४ पहिला, दोनदा दुसरा, दोनदा तिसरा. म्हणजे चौथा कधी आलाच नाही.

अन् उंची? मोठा झाल्यावरही १५.२ हँडच्या आसपासच. एक हँड म्हणजे ४ इंच, म्हणजे आपल्या पट्टीनं ६२ इंच. तुमचं शिंगरू दोन वर्षाचं आहे, अजून थोडं वाढायचंय, ते काही मी रेसला पळवा म्हणत नाही, पण उंचीवरून नाकारू नका. आई कुठंय ते शोधा, त्याच घोड्याची दुसरी पोरं त्याच टापूत कुणाकडं आहेत का, ती चालायला अन् कामाला कशी आहेत ते बघा. घोडा पारखायची खरी जागा त्याची भावंडं. इंचपट्टी त्यानंतर काढा.

प्रश्न : सर, मी परभणीला व्हेटर्नरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हशी-गायीत एक वळू हजारो वासरं देतो कारण आपण एआय, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. मग रेसच्या घोड्यांत एका वेळेच्या कव्हरिंगला, म्हणजे घोडी भरवायला, लाखो डॉलर कशाला मोजतात? सिमेन गोठवून का विकत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ताई, प्रश्न एकदम नेमका. उत्तर असं की थरोब्रेडच्या (रेसच्या घोड्यांची जात) स्टडबुकात, म्हणजे वंशाच्या नोंदवहीत, कृत्रिम रेतनाचं पिल्लू नोंदवतच नाहीत, जगात कुठंच नाही. भ्रूण प्रत्यारोपण पण नाही. घोडा अन् घोडी समोरासमोर, साक्षीदार हजर, त्याची नोंद, अन् पुढं पिल्लाची डीएनए टेस्ट, तेव्हा कुठं ते थरोब्रेड. आपल्याकडं ही नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. नोंद नाही तर रेस नाही, साधा हिशेब.

तुला शास्त्र म्हणून हे विचित्र वाटेल, मलाही वाटतं, पण धंदा म्हणून बघितलं की गणित लगेच सुटतं. घोडी माजावर येते वसंतात-उन्हाळ्यात, दिवस मोठा व्हायला लागला की, दर २१ दिवसांनी, अन् माज टिकतो पाच-सात दिवस. घोडा किती वेळा वापरणार? आजचे नावाजलेले घोडे एका हंगामात १०० ते २०० घोड्या करतात, काहींना तर विमानात घालून सहा महिने ऑस्ट्रेलियाला पाठवतात कारण तिकडं ऋतू उलटा. नॉर्दर्न डान्सरच्या काळी असलं काही नव्हतं. त्यानं १९६५ पासून १९८७ पर्यंत घोड्या केल्या अन् सगळी मिळून पिल्लं साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला तीस धर. एवढाच माल अन् मागणी सगळ्या जगाची. मग भाव कुठं जातो बघ : सुरुवातीला फी १०,००० डॉलर होती, ती ८० च्या दशकात मध्यावर दहा लाख डॉलरपर्यंत गेली, अन् ती पण बिनगॅरंटीची, म्हणजे घोडी गाभण राहिली नाही तरी पैसे गेले. साधारण पद्धत अशी की शिंगरू जन्मून स्वतःच्या पायावर उभं राहून दूध प्यालं की मगच फी द्यायची. त्याच्या बाबतीत लोकांनी ती अट पण सोडली!

मालकी पण एकट्याची नव्हती. १९७० मध्ये त्याचे ३२ हिस्से पाडले, ७५,००० डॉलरला एक. हिस्सा घेतला की दरवर्षी एक घोडी पाठवायचा हक्क, वाटलं तर तो हक्क दुसऱ्याला विकायचा. १९८१ मध्ये हा २० वर्षाचा म्हातारा असताना ४ कोटी डॉलरची ऑफर आली अन् हिस्सेदारांनी नाही म्हणून सांगितलं. २० वर्षाचा घोडा, ज्याला उद्या पोटशूळ उठला तर खेळ खल्लास. असो, ज्याचा माल त्याचा जीव.

एआय उघडलं तर हा सगळा डोलारा एका रात्रीत बसेल, म्हणून कुणी उघडणार नाही. कारण शरीरशास्त्राचं नाही, पैशाचं आहे. फक्त परीक्षेत असं लिहू नकोस.

प्रश्न : माझा साधा प्रश्न. जो घोडा सगळ्यात जास्त रेस जिंकतो तोच सगळ्यात चांगला बाप होतो का? आमच्या गावात शंकरपटात पहिला आलेल्या बैलाच्या खोंडाला लगेच डबल भाव सांगतात, म्हणून विचारलं.
— निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, नाही. अन् "नाही" एवढं लिहून भागणार नाही कारण याच्यावरच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे बुडालेत.

सेक्रेटेरिएट घ्या. १९७३ ची बेलमाँट त्यानं ३१ लेंथनं जिंकली, दीड मैल २ मिनिटं २४ सेकंदांत, तो रेकॉर्ड आजही तसाच उभा आहे. त्याच्यावर लोकांनी ६० लाख डॉलरच्या वर लावले होते, अन् ते पण तीन वर्षाची एकही रेस पळायच्या आधी. पैदास वाईट निघाली असं नाही, दोन-तीन नामी पोरं दिली, पण बापाची गादी चालवील असा मुलगा काही निघाला नाही. कमाल केली ती त्याच्या पोरींनी. एका पोरीच्या पोटी स्टॉर्म कॅट, दुसरीच्या पोटी ए. पी. इंडी, अन् हे दोघं पुढं अमेरिकेतले मोठे बाप झाले. म्हणजे वाण उतरला, पण मुलींकडून. दुसरा सिगार, १९९४ ते ९६ मध्ये ओळीनं १६ रेस जिंकला, पहिला दुबई वर्ल्ड कप जिंकला, अन् फार्मवर नेल्यावर कळलं की हा एकही घोडी गाभण ठेवू शकत नाही. विमा कंपनीनं पैसे भरले.

आता उलटं बघा. डॅनझिग, नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा, गुडघ्याच्या दुखण्यानं आयुष्यात तीनच रेस पळाला. तिन्ही जिंकला पण मोठी एकही नव्हती. कागदावर बघितलं तर कुणी घोडी पाठवली नसती. तो निघाला जगातल्या भारीतल्या भारी बापांपैकी एक.

अन् नॉर्दर्न डान्सरचं खरं मोठेपण त्याच्या १४ रेसमध्ये नाहीच, ते इथं आहे. एखाद्या घोड्याच्या १०० पिल्लांपैकी १० जणांनी वरच्या दर्जाच्या, म्हणजे स्टेक्स, रेस जिंकल्या तर तो फार मोठा बाप समजतात. याच्या साडेसहाशेतली दीडशेच्या जवळपास पोरं स्टेक्स जिंकली. २० टक्क्यांच्या वर! त्यातला निजिन्स्की तर दुसऱ्याच वर्षीच्या पिल्लांतला. आयर्लंडचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन दुसरंच शिंगरू बघायला कॅनडात गेले होते अन् नजर याच्यावर पडली, मालकाला सांगून ८४,००० डॉलरला घ्यायला लावला, अन् १९७० मध्ये लेस्टर पिगटनं त्याच्यावर बसून इंग्लंडच्या २००० गिनीज, डर्बी अन् सेंट लेजर या तिन्ही रेस मारल्या. इंग्लंडचा ट्रिपल क्राऊन त्यानंतर आजतागायत कुठल्याच घोड्याला जमला नाही. मग ओब्रायन अन् त्यांच्या जोडीदारांनी याच बापाची शिंगरं उचलायचा सपाटाच लावला. १९८४ च्या एप्सम डर्बीत (म्हणजे इंग्लंडच्याच डर्बीत) तर मजाच झाली, सीक्रेटो अन् एल ग्रान सेन्योर, दोघंही नॉर्दर्न डान्सरची पोरं, नाकाला नाक लावून आली, अन् सीक्रेटो जिंकला. हरलेल्या घोड्याचे ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन, जिंकलेल्याचे त्यांचे स्वतःचे चिरंजीव डेव्हिड. घरात त्या रात्री जेवताना काय बोलणं झालं असेल देव जाणे.

पण गुरुजी, बाप एवढा खात्रीचा असूनही पिल्लू हा जुगारच. १९८३ मध्ये केंटकीच्या लिलावात त्याचं एक शिंगरू शेख मोहम्मद यांनी १ कोटी २ लाख डॉलरला घेतलं, लिलावाच्या बोर्डावर सातच आकडे मावत होते, त्यामुळं बोली कोटीच्या वर गेल्यावर बोर्डच तोकडा पडला. स्नाफी डान्सर नाव ठेवलं. एकही रेस पळाला नाही, इतका हळू. बरं निदान पैदास तरी, म्हणून फार्मवर ठेवला तर तिथंही जवळजवळ वांझ, आयुष्यात चार पिल्लं. २००६ मध्ये त्याच वंशातला द ग्रीन मंकी १ कोटी ६० लाखाला गेला अन् एकही रेस जिंकला नाही.

म्हणून तुमच्या गावच्या त्या खोंडाची गाय कोणती ते विचारा. थरोब्रेडवाले शहाणे लोक आधी आईचं घराणं बघतात. गॅलिलिओ एवढा मोठा बाप झाला त्यात त्याचा बाप सॅडलर्स वेल्स (हा पण नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, इंग्लंड-आयर्लंडमध्ये १४ वेळा चॅम्पियन बाप, म्हणजे ज्याच्या पोरांनी त्या वर्षी सगळ्यात जास्त बक्षिसं कमावली तो) जेवढा, तेवढीच आई अर्बन सी. त्या एकाच घोडीनं गॅलिलिओ अन् सी द स्टार्स असे दोन डर्बी जिंकणारे दिले, अन् ती स्वतः १९९३ ची आर्क, फ्रान्सची सगळ्यात मोठी रेस, जिंकलेली.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या देवणी जनावरं राखतो. एका वळूच्या कालवडी मोठ्या झाल्या की तो वळू लांबच्या गावाला देतो नाहीतर बदलतो, नात्यात नातं नको म्हणून. तुम्ही म्हणता सगळ्या जगात एकाच घोड्याचं रक्त. मग नुकसान होत नाही का?
— पशुपालक, उदगीर, जि. लातूर

उत्तर : होतं मालक, अन् तुमच्या वाडवडिलांना जे कळत होतं ते कोट्यवधी डॉलरवाल्यांना आता टोचायला लागलंय.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंग्लंडचा घोडा फ्रँकेल. २००८ चा जन्म, ट्रेनर हेन्री सेसिल, १४ रेस अन् १४ विजय, २०११ ची २००० गिनीज तर सुरुवातीपासून एकटाच पुढं पळून सहा लेंथनं मारली. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या इंग्लंडच्या संस्थेचं १४७ रेटिंग, त्यांच्या इतिहासातलं सगळ्यात वरचं. आता वंश बघा : बाप गॅलिलिओ, आजोबा सॅडलर्स वेल्स, पणजोबा नॉर्दर्न डान्सर. आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा बाप डॅनझिग, त्याचा बाप पुन्हा नॉर्दर्न डान्सर. म्हणजे बापाकडून तिसऱ्या पिढीत अन् आईकडून चौथ्या पिढीत एकच घोडा. एवढ्या अंतरावरचं नातं ते लोक मुद्दाम जुळवतात, चांगला गुण दोन्हीकडून यावा म्हणून. फ्रँकेलमध्ये जुळलं, पुढं त्यानं पण डर्बीवाला अदायार अन् आर्क जिंकणारी अल्पिनिस्टा दिली, फी १,२५,००० पौंडांवरून सुरू होऊन ३,५०,००० पौंडांवर गेली.

पण आता अडचण अशी की फ्रँकेलला घोडी शोधायची तर बहुतेक चांगल्या घोड्या याच घराण्याच्या, कुणी गॅलिलिओची पोर तर कुणी डेनहिलची नात. गेल्या काही दशकांत थरोब्रेडमध्ये नात्यातलं प्रजनन वाढत गेलंय, ते जनुकांच्या तपासणीत दिसलंय. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं (तिथली थरोब्रेडची नोंद ठेवणारी संस्था) २०२० मध्ये नियम काढला की एका घोड्यानं वर्षाला १४० च्या वर घोड्या करायच्या नाहीत. मोठ्या फार्मवाल्यांनी कोर्टकज्जे केले अन् २०२२ मध्ये नियम मागं घेतला. तिथं वळू बदलायचा म्हणजे कुणाच्या तरी कोटींवर पाणी, म्हणून बदलत नाहीत. तुम्ही मात्र तुमचं चालू ठेवा, अन् वळू कुणाला दिला, कधी दिला ते वहीत लिहून ठेवत चला. थरोब्रेडवाल्यांची एकच गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे १७९१ पासूनची त्यांची वही.

प्रश्न : एक दलाल पुण्याकडून रेसचा रिटायर घोडा आणून देतो म्हणतो, "नॉर्दर्न डान्सरच्या खानदानातला" असं सांगतो, कागद मात्र नंतर देतो म्हणे. माझ्याकडं मारवाडी घोडी आहे, ५८ इंच. त्याच्याकडून भरवली तर शिंगरू पळायला अन् दिसायला दोन्हीकडं भारी निघेल का? एवढ्या मोठ्या घोड्याचं शिंगरू पोटात अडकणार तर नाही? वऱ्हाडाला पण वापरता येईल असा विचार आहे.
— घोडेवाला, सेलू, जि. परभणी

उत्तर : भाऊ, दलाल खोटं बोलत नाहीये, फक्त त्याच्या खरं बोलण्याला किंमत नाही. आज पुण्याच्या रेसकोर्सवर डोळे मिटून कुठल्याही घोड्यावर बोट ठेवा, तो कुठून ना कुठून नॉर्दर्न डान्सरच्या खानदानातला निघायची शक्यता दाट आहे. त्या नावावर एक रुपया जास्त देऊ नका.

कागद आधी, घोडा नंतर. रेसच्या घोड्याला पासपोर्ट असतो, मानेत मायक्रोचिप असते, रीडर लावला की नंबर येतो, तो पासपोर्टशी जुळला पाहिजे. "नंतर देतो" म्हणलं की समजून जा. दुसरं, खाली वाकून बघा, हसू नका, रेसचे बरेच घोडे खच्ची केलेले असतात अन् लोकं पैसे देऊन आल्यावर माझ्याकडं विचारायला येतात की घोडी गाभण का राहीना. तिसरं, पुढच्या दोन्ही पायांच्या नळीमागून बोटं फिरवा, गुडघ्यापासून खाली, एकदा या पायाला एकदा त्या पायाला. शीर दोरीसारखी सरळ अन् थंड लागली पाहिजे. धनुष्यासारखी बाहेर आलेली, जाड किंवा गरम लागली तर टेंडन गेलेला आहे, ज्यानं नॉर्दर्न डान्सरचं पळणं थांबलं तेच दुखणं. पैदाशीला त्यानं काही बिघडत नाही, पण वऱ्हाडात चार-चार तास नाचवायला असला घोडा घेतला तर महिन्याभरात लंगडेल.

शिंगरू पोटात अडकायची भीती बहुतेक ठिकाणी वाटते तेवढी नसते, कारण शिंगराची वाढ किती होऊ द्यायची ते घोडीची पिशवी ठरवते, बाप कितीही उंच असो. पहिल्या वेताची अन् लहान अंगाची घोडी असेल तर मात्र शेवटचा महिना डॉक्टरला सांगून ठेवा.

पण मुळात भरवायची का? माझं मत, नका. ते शिंगरू थरोब्रेड म्हणून कुठं नोंदणार नाही अन् मारवाडी म्हणून पण नाही. कान मारवाडीचे येतील की नाही सांगता येत नाही, अन् डोकं बापाचं आलं तर डीजे अन् फटाक्याच्या आवाजात नवरदेव कुठं पडेल याचा नेम नाही. तुमच्या घोडीला चांगला मारवाडी घोडा बघा, शिंगराला गिऱ्हाईक लगेच मिळेल.

अन् कुठलाही घोडा भरवायला आणण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यातून रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. हा रोग माणसाला पण होतो, घोड्यावर इलाज नाही, पॉझिटिव्ह आला की कायद्यानं मारावाच लागतो. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, कातडीवर गाठी फुटलेल्या, असलं काही दिसलं तर हात न लावता मागं फिरा.

खाण्याचं पण सांगतो. रेसचा घोडा ओट्स अन् मऊ गवतावर वाढलेला असतो, त्याला आणल्या आणल्या कोरडा कडबा टाकला अन् पाणी कमी पडलं की पोटात गच्च बसतं, मग लोळण, घाम, पोटाकडं बघणं सुरू. बदल पंधरा दिवस हळूहळू करा, कडबा कुट्टी करून ओला करून द्या, पाणी समोरून हलवू नका. पोटशूळ कुणालाच सोडत नाही, नॉर्दर्न डान्सर पण त्यानंच गेला, १६ नोव्हेंबर १९९० ला अमेरिकेत मेरीलँडला, २९ वर्षाचा होऊन. दफन मात्र कॅनडात नेऊन केलं, जिथं जन्मला त्याच फार्मवर.

प्रश्न : नॉर्दर्न डान्सरचा सख्खा मुलगा कधी भारतात आला होता का? अन् आम्हाला त्याचा वंश बघायचा तर कुठं बघावा?
— कॉलेजचा विद्यार्थी, बीड

उत्तर : आला होता की. रझीन नाव. १९९० च्या एप्सम डर्बीला फेवरिट म्हणून उतरला, पार मागं पडला. तिकडं त्याची किंमत गेली अन् आपलं नशीब उघडलं, उषा स्टडनं त्याला भारतात आणला अन् तो इथं वर्षानुवर्षं चॅम्पियन बाप राहिला, कितीतरी क्लासिक रेस जिंकणारी पोरं त्याची.

बघायचं असेल तर पावसाळ्यात पुण्याला जा, जुलै ते ऑक्टोबर तिथं सीझन असतो, थंडीत तो मुंबईला महालक्ष्मीला जातो, अन् फेब्रुवारीत इंडियन डर्बी. बीडहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी पुण्यात. पैसे लावायला जाऊ नका. रेसकार्ड विकत घ्या, त्यात प्रत्येक घोड्याच्या नावाखाली बाप अन् आई छापलेली असते, ती दोन नावं मोबाईलवर टाकून मागं मागं जात राहा, अन् रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात तिथं कठड्याला टेकून उभं राहा, दहा फुटांवरून बघायला मिळतात.